औषधाची चिठ्ठी कोणी लिहायची?



रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. लेकराच्या अंगात ताप असतो, खोकला थांबत नसतो. सरकारी दवाखाना कधीचाच बंद झालेला. मोठे रुग्णालय दोन रिक्षा बदलून जावे लागेल इतके लांब. अशा वेळी आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो. काउंटरवरचा पोरगा पट्टीतून चार गोळ्या कापतो, एक बाटली पिशवीत घालतो आणि "सकाळ-संध्याकाळ द्या" म्हणतो. नाहीतर गल्लीतल्या त्या "डॉक्टर"कडे जातो, जो ताप असो की अंगदुखी, प्रत्येकाला सुई टोचतो आणि अशक्तपणा म्हटले की सलाईन लावतो. त्याच्या पाटीवर पदवी असते, पण ती कशाची आणि कुठली हे कोणी विचारत नाही.

म्हणजे डॉक्टर नसलेल्या माणसाने औषध द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या वस्तीपुरता कधीच निकालात निघाला आहे. तो रोज देतोच आहे. फक्त त्याला कोणी शिकवलेले नाही, त्याच्यावर कोणाची देखरेख नाही आणि चूक झाली तर जाब विचारायला जागा नाही. म्हणून या पानावर आज आम्ही एका कायद्याच्या प्रश्नाविषयी बोलणार आहोत. एमबीबीएस नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला ठरावीक औषधे स्वतःच्या अधिकारात लिहून देण्याची परवानगी कायद्याने द्यावी का? आमचे मत असे आहे की द्यावी. पण काही अटींवर, आणि त्या अटी आपण ठरवून घेतल्या तरच.

ही कल्पना आली कुठून

अमेरिकेत या कर्मचाऱ्याला फिजिशियन असिस्टंट म्हणतात, म्हणजे डॉक्टरांचा प्रशिक्षित सहायक. 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेली माणसे होती. त्यांच्या हाताला काम माहीत होते, पदवी तेवढी नव्हती. पुढे तिथल्या प्रत्येक राज्याने आपापला कायदा करून या सहायकांना औषधे लिहिण्याचा कमी-अधिक अधिकार दिला. सुरुवातीला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करावे लागे. अलीकडे काही राज्यांनी ही अट सैल केली. नॉर्थ डकोटाने 2019 मध्ये डॉक्टरांशी लेखी करार करण्याची सक्ती बऱ्याच ठिकाणी काढून टाकली.

इंग्लंडमध्ये मात्र उलटा अनुभव आला. तिथे या सहायकांना औषध लिहिण्याचा अधिकार नाही, तरी अनेक रुग्णांना आपण डॉक्टरांनाच दाखवले असे वाटत राहिले. त्यावरून मोठा वाद झाला. 2025 मध्ये प्रा. गिलियन लेंग यांच्या चौकशी अहवालाने सांगितले की समोर बसलेला माणूस डॉक्टर नाही हे रुग्णाला त्याच्या नावावरून, कपड्यांवरून आणि बिल्ल्यावरून स्पष्ट कळले पाहिजे. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे ती कामाला येणार आहे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो

आपल्या देशात फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम 1992 पासून आहे. चेन्नईत हृदयशस्त्रक्रियेच्या विभागाला मदत म्हणून तो सुरू झाला. 2021 च्या केंद्रीय कायद्याने त्यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली. पण हे लोक बहुतेक मोठ्या खाजगी रुग्णालयांत असतात. आपल्या वस्तीशी त्यांचा संबंध येत नाही.

आपल्याला जवळचा आहे तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019. त्याच्या कलम 32 मध्ये "समुदाय आरोग्य सेवक" अशा अर्थाच्या मर्यादित परवान्याची तरतूद आहे. असा परवाना असलेला माणूस प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांपुरती ठरवून दिलेली औषधे स्वतः लिहून देऊ शकतो. त्यापलीकडचे काही असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून जास्त असता कामा नये, असेही कलमात आहे. कायदा होऊन वर्षे लोटली. असा परवाना खिशात असलेला माणूस आम्हाला तरी कुठल्या वस्तीत भेटलेला नाही.

आपल्याला भेटते ती आयुष्मान आरोग्य मंदिरातली समुदाय आरोग्य अधिकारी, जिला आपण सीएचओ ताई म्हणतो. ती नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेली असते आणि वर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम केलेला असतो. ती बीपी मोजते, शुगर तपासते, गरोदर बाईची तपासणी करते, आणि गरज पडली तर फोनच्या पडद्यावर डॉक्टरांशी बोलणे करून देते. तिच्या कपाटात गोळ्या असतात. पण कोणती गोळी तिने स्वतःच्या जबाबदारीवर सुरू करायची आणि कोणती नाही, हे तिच्याकडे येणाऱ्या आईला माहीत नसते.

महाराष्ट्राने 2014 मध्ये आणखी एक वाट काढली. एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधे मर्यादित प्रमाणात लिहिता यावीत म्हणून राज्याने कायदा बदलला. 2025 मध्ये त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत करायची की नाही यावरून रान पेटले. एमबीबीएस डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, संप झाले. दोन्ही बाजूंनी रुग्णहिताची भाषा केली. पण त्या सगळ्या गदारोळात वस्तीतल्या रुग्णाला कोणी विचारल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. पदवी कोणती, हा वाद त्यांचा आहे. कामाची यादी कुठे आहे आणि जबाबदार कोण, हा प्रश्न आपला आहे.

दोन राज्यांचे दोन धडे

छत्तीसगडने 2001 मध्ये कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. डॉक्टर संघटनांचा विरोध, कोर्टकचेऱ्या आणि विद्यार्थ्यांचाच असंतोष यांमुळे काही तुकड्यांनंतर तो बंद पडला. पण शिकून बाहेर पडलेल्यांना सरकारने ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. जिथे एमबीबीएस डॉक्टर टिकत नव्हता तिथे ते राहिले. 2010 मध्ये त्यांच्या कामाचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की नेहमीच्या आजारांच्या बाबतीत त्यांची समज एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीची आहे. म्हणजे नीट शिकवले आणि सरकारी केंद्रात बसवले, तर तीन वर्षे शिकलेला माणूस नेहमीचे आजार नीट हाताळू शकतो.

आसामनेही 2004 मध्ये असाच कायदा केला. पण तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2014 मध्ये तो रद्द केला आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्याच वेळी, याच लोकांना उपकेंद्रांत आरोग्य कर्मचारी म्हणून काम करू देणारा आसामचा 2015 चा वेगळा कायदा मात्र न्यायालयाने वैध ठरवला. यातून काय शिकायचे? घाईने केलेला कायदा कोर्टात पडला की पायाखालची जमीन सरकते ती शिकलेल्या पोरांच्या आणि त्यांच्यावर भरवसा ठेवलेल्या रुग्णांच्या. वैद्यकीय व्यवसाय हा विषय राज्यघटनेत समवर्ती सूचीत आहे, आणि सार्वजनिक आरोग्य व दवाखाने राज्य सूचीत. त्यामुळे राज्य सरकार हात झटकू शकत नाही. पण कायदा करायचा तर केंद्राच्या चौकटीत बसणारा आणि टिकणारा करावा लागेल.

"आमच्या वाट्याला अर्धाच डॉक्टर का?"

आता सर्वांत मोठ्या शंकेकडे येऊ. ती डॉक्टर संघटनांची नाही, आपलीच आहे. वस्तीत या विषयावर बोलताना कोणीतरी हमखास विचारतो, "श्रीमंतांच्या सोसायटीत एमडी डॉक्टर आणि आमच्या भीमनगरात सहा महिने शिकलेली ताई? हीसुद्धा अस्पृश्यताच नाही का?"

ही शंका खोटी नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. उतरंडीत प्रत्येकाच्या वाट्याला वरच्यापेक्षा कमी. आरोग्यसेवेतही तीच उतरंड उभी राहू शकते, आणि कागदावर तिला "सेवेचा विस्तार" असे गोंडस नाव मिळू शकते. राजरत्न गेला तेव्हाचे बाबासाहेबांचे दुःख आपल्या घराघरात सांगितले जाते. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार लेकरे गमावली. ज्या समाजाने हे सोसले, त्याने आरोग्यात दुय्यम वागणूक मुकाट्याने का स्वीकारावी?

पण याच शंकेची दुसरी बाजूही पाहू. सहायकाला अधिकार नाकारला म्हणून वस्तीत एमडी डॉक्टर येऊन बसणार आहे का? आजवर आलेला नाही. नाकारलेल्या अधिकाराची जागा मेडिकलच्या काउंटरने आणि बोगस डॉक्टरने घेतली आहे. तेव्हा तुलना एमडी डॉक्टर आणि सीएचओ ताई यांची नाही. तुलना आहे शिकलेल्या, नोंद असलेल्या, जाब देणाऱ्या ताईची आणि कोणालाच जाब न देणाऱ्या सुईवाल्याची. आम्ही ताईच्या बाजूने आहोत. पण ती डॉक्टरच्या ऐवजी नको, डॉक्टरपर्यंत पोहोचवणारी हवी.

अधिकाराची रेघ कुठे ओढायची

दोन उदाहरणे घेऊ.

पहिले बीपी आणि शुगरचे. एकदा डॉक्टरांनी तपासून गोळी ठरवून दिली, तर पुढे दर महिन्याला तीच गोळी घेण्यासाठी मजुरी बुडवून रांगेत का उभे राहायचे? मग आपण खाडा टाळतो, गोळी संपते, "आता बरं वाटतंय" म्हणून ती घ्यायची राहते. काही वर्षांनी लकवा मारतो किंवा किडनी जाते. इथे सीएचओ ताईने बीपी मोजावे, साखर तपासावी, आकडे मर्यादेत असतील तर तीच गोळी पुढे चालू ठेवावी. आकडे चढलेले असतील, छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल, तर लगेच वर पाठवावे. पहिले निदान आणि औषध बदलणे हे डॉक्टरांचे काम.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. विदर्भात हा आजार आदिवासींबरोबरच आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर मुलाला तो होऊ शकतो. या रुग्णाला रोज फॉलिक ॲसिडची गोळी लागते. ती ताईने द्यायला काहीच हरकत नाही. हायड्रॉक्सियुरिया मात्र डॉक्टरांनीच सुरू करायचे औषध आहे, कारण त्यात रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. आणि सिकलसेलच्या लेकराला ताप आला, श्वास लागला, छातीत दुखू लागले किंवा ते एकाएकी पांढरेफटक पडले, तर वस्तीत गोळी देऊन वाट पाहायची नाही. त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. दुखण्याची सुई टोचून घरी पाठवणाऱ्या सुईवाल्याला हा फरक माहीत नसतो. शिकलेल्या ताईला तो माहीत असतो, आणि कायद्याने तिला तो पाळायला लावता येतो.

आपल्या पाच अटी

कायदा होणार असेल, नियम बनणार असतील, तर आमच्या मते या पाच गोष्टी त्यात हव्यातच.

पहिली, यादी. कोणत्या आजारांवर कोणती औषधे सहायकाने स्वतः लिहायची, याची यादी नियमात असावी आणि मराठीत दवाखान्याच्या भिंतीवर लावलेली असावी. यादीत नसलेले औषध लिहिले तर तो गुन्हा. स्टेरॉइड, उठसूट सलाईन, नशा आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या या यादीत येता कामा नयेत. अँटिबायोटिक फार थोडी, तीही लहान मुलांच्या न्यूमोनियासारख्या ठरलेल्या कारणासाठीच.

दुसरी, ओळख. पाटीवर आणि बिल्ल्यावर पद स्पष्ट लिहिलेले हवे. नावाआधी "डॉ." लावून फसवणूक नको. इंग्लंडचा धडा हाच आहे.

तिसरी, वरचा डॉक्टर. प्रत्येक सहायकामागे एक नाव असलेला डॉक्टर हवा, फोनवर मिळणारा. वर पाठवलेल्या रुग्णासाठी 108 ची गाडी आणि तिथे घेण्याची हमी हवी. नुसती चिठ्ठी देऊन "मोठ्या दवाखान्यात जा" म्हणणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे.

चौथी, जबाबदारी आणि मान दोन्ही. प्रत्येक चिठ्ठीवर नाव आणि नोंदणी क्रमांक हवा, चुकीची तक्रार ऐकणारी यंत्रणा हवी. आणि जिच्यावर ही जबाबदारी टाकायची तिला वर्षानुवर्षे कंत्राटावर टांगून ठेवता येणार नाही. या ताया आपल्याच घरांतल्या लेकी आहेत. अधिकार द्यायचा आणि पगार थकवायचा, हे चालणार नाही.

पाचवी, समानता. हा नियम फक्त वस्तीसाठी आणि खेड्यासाठी नको. शहराच्या उच्चभ्रू भागातल्या सरकारी दवाखान्यातही तोच नियम लागू हवा. आणि सहायक नेमला म्हणून एमबीबीएस डॉक्टरचे एकही मंजूर पद रद्द करता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले हवे. ही पाचवी अट नसेल तर आम्ही या कायद्याच्या विरोधात उभे राहू.

तथागतांची शिकवण

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि भिक्खूंना रुग्णसेवेची शिकवण दिली. तिथेच रुग्णसेवा करणाऱ्याच्या अंगी काय असावे तेही सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे त्याला कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. त्याला घाणीची किळस नसावी. आणि वेळोवेळी धम्माचे बोलून त्याने रुग्णाला धीर द्यावा.

या पाच गुणांतले पहिले दोन ज्ञानाचे आहेत. नुसती दया पुरत नाही. पुढचे तीन पदवीने मिळत नाहीत, आणि मोठी पदवी असूनही ते नसलेली माणसे आपण पाहिली आहेत. सेवा करणाऱ्याची जात, कुळ, दर्जा इथे कुठेच विचारलेला नाही. त्याला काय येते आणि तो कसा वागतो, एवढेच विचारले आहे. कायद्यानेही सहायकाविषयी हेच विचारावे.

आपण आजपासून काय करायचे

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही.

कोणाकडेही औषध घ्यायला गेलात तर नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणी असलेल्या डॉक्टरने तो चिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक आहे. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. मेडिकलमधून अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि बिल घ्या. टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयेही मिळतात. ती बाजारातून विकत घेऊन अर्धवट सोडू नका. घरातल्या प्रत्येकाच्या चिठ्ठ्या आणि तपासण्या एका वहीत ठेवा. रात्री धावपळ झाली तर ती वहीच तुमच्या वतीने बोलेल.

शहरी वस्त्यांत 50 ते 100 घरांमागे महिला आरोग्य समिती असते. आपल्या विहारात महिला मंडळ आहेच. त्यातल्या दोघी-तिघींनी या समितीत जाऊन बसावे आणि पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. आपल्या दवाखान्यात डॉक्टरचे पद भरलेले आहे का? सीएचओ ताई कोणती औषधे स्वतः देऊ शकते, ती यादी कुठे आहे? आणि संध्याकाळी दवाखाना उघडा का नसतो? उत्तर लेखी मागावे. ते मिळाले नाही तर नगरसेवकाला, आमदाराला विचारावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. आपण भीक मागत नाही, कर्तव्याची आठवण करून देतो.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली की पाच मिनिटे या विषयाला द्या. हे पान तिथे मोठ्याने वाचा. पाच अटींत काही कमी वाटले तर भर घाला आणि आम्हाला कळवा. रात्री साडेनऊला तापलेले लेकरू घेऊन निघालेल्या आईला दार उघडे मिळाले पाहिजे, आणि दाराआड बसलेल्या माणसाला काय येते, काय येत नाही, हे तिला माहीत असले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!